मेस्त्रीकाकांच्या दारातलं गटार

आमच्या गल्लीत नारळाचं झाड एकही नाही. तरी मुलुंडमध्ये सगळ्यात जास्त नारळ कुठे फुटले असतील तर ते आमच्या गल्लीत, भर रस्त्यावर, आणि त्यातले बहुतेक एकाच गटारासाठी. ते सगळे नारळ अनंत मेस्त्रींनी आणलेले होते. स्वतः बाजारात जाऊन, एकेक कानाशी धरून, हलवून, आतलं पाणी ऐकून.

आडनाव मेस्त्री असलं तरी काकांनी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती. ते एका औषधांच्या कंपनीत डिस्पॅच खात्यात होते. कंपनी बंद पडली, काकांनी व्हीआरएस घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीची जबाबदारी घेतली. गल्लीने ती त्यांना दिली नव्हती. पण आमच्याकडे जबाबदारी कुणी कुणाला देत नाही. एखाद्याने घेतली की बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि त्याच्या चुका काढायला मोकळे होतात.

गल्ली डोंगराच्या बाजूने उतरत खालच्या नाल्यापर्यंत जाते. मध्येच तिला एक खोलगट पोट आहे आणि त्या पोटात, तळमजल्यावर, मेस्त्रीकाकांचं दोन खोल्यांचं घर. वरून आलेलं पावसाचं पाणी त्यांच्या दारात मुक्कामाला थांबायचं. मी समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसांची पाण्याबद्दलची मतं फार ठाम असतात, आणि माझीही होती. काका मात्र ती मनापासून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “वंदना, बरोबर आहे तुझं. पण त्याला निधी कुठला?”

काटकुळा उंच देह, पांढरा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं, दुसरं चालायचं नाही. न चालणारं पेन नेत्यांसाठी राखीव होतं, कारण नेत्याच्या हातात गेलेलं पेन परत येत नाही असा त्यांचा अनुभव होता. घराच्या दारामागे एक कुदळ उभी असायची. तिला चंदेरी रंग दिलेला, दांड्याला लाल-पिवळी रिबीन गुंडाळलेली. या कुदळीने जमीन कधीच खोदली नाही. ती फक्त जमिनीला टेकवायची आणि फोटोग्राफरकडे बघायचं. पूर्वी लग्नाला शेजारचं तांब्याचं घंगाळ मागून नेत तशी आसपासच्या कॉलन्यांतली माणसं ती भूमिपूजनाला मागून न्यायची, आणि काका देताना बजावायचे, “मातीत मारू नका हां, रंग जातो.”

काकांचं निधीबद्दलचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते त्यांनी मला निदान पन्नासदा तरी ऐकवलं असेल.

“निधी मागायचा नसतो गो. मागितला की साहेब म्हणतात, अर्ज द्या, बघू. आपण म्हणायचं, साहेब, या कामाचा नारळ तुमच्याच हातून फुटायला पाहिजे. मग निधी साहेब आपणच शोधतात. साहेबांना गटार नको असतं. साहेबांना नारळ हवा असतो. आपण त्यांना नारळ द्यायचा, ते आपल्याला गटार देतात.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर दुसरा नारळ,” काका म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही विनोद नसायचा.

या तत्त्वावर आमच्या गटाराचं नियोजन झालं. इतरत्र म्हणे आधी जमिनीचा उतार बघतात, पाणी किती येतं ते बघतात आणि मग आराखडा करतात. आमच्याकडे निवडून आलेली माणसं बघून केला. नगरसेवक एका पक्षाचे, आमदार दुसऱ्या पक्षाचे आणि खासदारांचा पक्ष कुठला ते त्या महिन्यात नक्की नव्हतं. एकच अखंड गटार म्हटलं असतं तर एकच नारळ फुटला असता आणि उरलेले दोघे कायमचे रुसले असते. म्हणून काकांनी गटाराचे तीन तुकडे पाडले. वरचा नगरसेवकांना, खालचा नाल्याकडचा आमदारांना आणि मधला, म्हणजे काकांच्या स्वतःच्या दारातला, खासदारांना आणि सगळ्यात शेवटी.

ही वाटणी सोसायटीच्या सभेत झाली तेव्हा मी हजर होते. काकांच्याच इमारतीतले, पहिल्या मजल्यावरचे पाटणकर म्हणाले, “अहो मेस्त्री, पाणी साचतं तुमच्या दारात. आधी तिथलं करा की.”

काका उभे राहिले. त्यांना बसून बोलता यायचं नाही. “माझ्या दारातलं शेवटी,” ते म्हणाले. “आधी माझं केलं तर उद्या हीच गल्ली म्हणेल, मेस्त्रीने स्वतःचं बघितलं. मी ते ऐकून घेणार नाही.”

सभेने टाळ्या वाजवल्या. सुलभाकाकी, म्हणजे काकांच्या पत्नी, मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरातली माती बाहेर काढायला कोण वाकतं ते त्या एकट्यांना माहीत होतं.

वरच्या तुकड्याच्या भूमिपूजनाला एक घोळ झाला. नगरसेवकांनी नारळ आपटला, पण तो फुटलाच नाही. उसळला आणि उतारावरून गडगडत थेट नाल्याकडे निघाला. त्यामागे कार्यकर्ते, त्यांच्यामागे गल्लीतली दोन कुत्री, आणि नगरसेवक तिथेच हात जोडून उभे. त्यांनी तो अपशकुन धरला आणि काम बरेच महिने लांबलं. त्या दिवसापासून काका नारळ तयार करायला लागले. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, कोयत्याच्या पाठीने नारळाच्या कमरेभोवती हलक्या टिचक्या मारत जायचे. नारळ वरून धडधाकट दिसायचा, पण कुणीही नुसता टेकवला तरी दोन भकलं व्हायची. पहिल्या फटक्यात नारळ फोडणारा नेता खूश होऊन भाषण लांबवतो आणि भाषण लांबलं की त्याच्या तोंडून एखादं आश्वासन जास्तीचं निघतं, असा त्यांचा हिशेब होता. एकदा एका साहेबांच्या पीएने असला तयार नारळ कौतुकाने हातात घेतला आणि तो फोटोआधीच त्याच्या तळहातावर उमलला. पाणी पीएच्या सफारीवर सांडलं. काका शांतपणे आपल्या मालवणीत म्हणाले, “देवाक घाई झाली,” आणि पिशवीतून दुसरा काढला.

मला हा माणूस आवडायचा. हसू यायचं, रागही यायचा, पण आवडायचा. गल्लीसाठी दुपारच्या उन्हात कार्यालयांच्या बाहेर उभं राहणारा दुसरा कुणी नव्हता. आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं टाकत होतो.

वरचा आणि खालचा तुकडा अखेर पूर्ण झाला. मोठमोठे पाइप पडले, वर झाकणं आली, दोन बोर्ड लागले. गल्लीला वाटलं, आता फक्त मधला राहिला, तो काय, एक टेम्पो आडवा उभा राहील एवढी जागा. मग जोराचा पाऊस आला आणि आमच्या नियोजनाची खरी परीक्षा झाली. आतापर्यंत डोंगराकडचं पाणी चालत यायचं, आता ते पाइपातून धावत यायला लागलं. वरच्या पाइपाचं तोंड उघडत होतं बरोबर मेस्त्रीकाकांच्या दारात. आणि खालच्या पाइपाचं तोंड विटांची भिंत घालून बंद केलेलं होतं, कारण मधला तुकडा होईपर्यंत त्यात कचरा जाऊ नये अशी ठेकेदाराने काळजी घेतली होती. सगळ्या गल्लीचं पाणी एकत्र करून एका घरात सोडायची इतकी चोख व्यवस्था कुणी मुद्दाम ठरवूनही केली नसती.

त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दाराला फळी लावत होते आणि ती फळी तरंगत परत येत होती. सुलभाकाकींना पाटणकरांच्या मुलाने हाताला धरून जिन्याने वर नेलं. त्यांचे गुडघे दुखायचे. एकेक पायरीवर थांबत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी खाली वळून बघितलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. फ्रीज विटांवर, गाद्या कपाटावर, पलंगाचे पाय रंगाच्या डब्यांत. जमिनीवर चिखल सोडून काही नव्हतं. काकी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“वंदना, तू साक्षीदार आहेस,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, पुढच्या पावसात पाणी या घरात आलं ना, की मी शिल्पाकडे जाणार. डोंबिवलीला. आणि परत येणार नाही. तुम्ही रहा तुमच्या गटाराजवळ.”

शिल्पा म्हणजे त्यांची लेक, तिकडे चौथ्या मजल्यावर राहणारी. काका हसले. “येशील गो परत. किती दिवस राहशील लेकीकडे?”

“मी भांडत नाहीये,” काकी म्हणाल्या. “सांगतेय.”

काकी फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की करायच्या. हे काकांनाही ठाऊक होतं. त्यांचं हसू तेवढ्यावरच थांबलं.

त्यानंतर त्यांनी एकच उपाय केला, जो त्यांना येत होता. नारळ वाढवले. पण मधल्या तुकड्याची एक अडचण होती: तो फार लहान होता. खासदारांच्या ऑफिसातून कळलं, टेम्पोएवढ्या गटाराला साहेब येणार नाहीत, ते बरं दिसत नाही. मग काकांनी काम मोठं करायला घेतलं. गटाराला फुटपाथ जोडला, फुटपाथला रंगीत पेव्हर ब्लॉक, पेव्हर ब्लॉकवर ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक, बाकाशेजारी दिव्याचा नक्षीदार खांब, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून सेल्फी पॉइंट. कागदावर ते आता गटार राहिलं नव्हतं, ‘परिसर सुशोभीकरण’ झालं होतं. खासदार आले, नारळ फुटला, निधी आला आणि बाक बसले, दिवा बसला. गटारापर्यंत येईतो निधी संपला. पुढच्या पावसाच्या सरींनी बाक गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यावर ज्येष्ठ नागरिक कुणी बसले नाहीत, एक बदक मात्र कुठूनसं येऊन बसलं. नशिबाने त्या वर्षी पाऊस बेताचा होता. पाणी उंबरठ्याला लागून थांबलं आणि काकी राहिल्या.

पुढे पालिकेची मुदत संपली आणि निवडणुकाच लांबल्या. नगरसेवक उरले नाहीत. गल्लीत फक्त ‘माजी’ आणि ‘भावी’ राहिले. माजींच्या हातात निधी नव्हता, भावींच्या हातात तर काहीच नव्हतं, पण नारळ फोडायला दोघांनाही कुणाची बंदी नव्हती. काका दोघांनाही बोलवायचे. मधल्या तुकड्याचं भूमिपूजन किती वेळा झालं याबद्दल गल्लीत मतभेद आहेत. प्रत्येक वेळी एक बोर्ड लागायचा, आधीच्या बोर्डावर जरा तिरका. आणि प्रत्येक वेळी फुटलेला नारळ प्रसाद वाटून उरला की मेस्त्रींच्या घरी जायचा.

“नारळाची चटणी केली, वड्या केल्या, सोलकढी केली,” काकी एकदा मला म्हणाल्या. “गटार सोडून या घरात सगळं झालं बघ.”

मार्चमध्ये मला जन्माच्या दाखल्याच्या कामासाठी वॉर्ड ऑफिसला जायचं होतं. काकी म्हणाल्या, “मी पण येते.” त्यांना कुठल्या कामासाठी, ते मी विचारलं नाही. तिथे पोचल्यावर त्यांनी शिपायाला सरळ विचारलं, “पावसाच्या गटारांचं कोण बघतं?” आणि त्याने दाखवलेल्या खोलीत, गुडघ्यावर हात ठेवत, शिरल्या. मी मागोमाग गेले.

टेबलामागे वानखेडे मॅडम नावाची तरुण इंजिनिअर होती, अकोल्याकडची. टेबलावर हेल्मेट उलटं ठेवलेलं आणि त्यात अर्धवट सोललेलं संत्रं. काकींनी गल्लीचं नाव सांगितलं.

“ती नारळवाली गल्ली का?” मॅडमनी विचारलं, आणि मग ओशाळल्या. “सॉरी काकू. इथे सगळे तसंच म्हणतात.”

“म्हणू दे,” काकी म्हणाल्या. “आमच्या दारातलं गटार कधी करणार ते सांगा.”

“काकू, ते काम एवढंसं आहे. ती विटांची भिंत फोडायची, मधे पाइप जोडायचा, वर झाकण टाकायचं. आमच्या नेहमीच्या देखभालीत बसतं. नेता नको, मंजुरी नको, काही नको.”

“मग केलं का नाही?”

मॅडमनी जरा माझ्याकडे बघितलं, मी पण नारळवाली आहे का याचा अंदाज घेत असाव्यात. “आम्ही बघायला येतो तेव्हा तिथे कुणाचं तरी भूमिपूजन झालेलं असतं. बोर्ड लागलेला असतो. म्हणजे ते काम दुसऱ्या निधीतून होणार असं धरावं लागतं. त्यावर मी आमचा खर्च टाकला तर उद्या मलाच विचारतील ना, एकाच गटाराला दोनदा पैसे कसे लावले म्हणून. मी चौकशी पण केली. त्यातल्या एकाही बोर्डाचा निधी गटारापर्यंत आलेला नाही. पण मी चौकशी संपवते न संपवते, तोवर नवा बोर्ड.”

काकींनी पदर सारखा केला.

“मग आता आम्ही काय करायचं?”

“काही करू नका काकू,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी विनवणीचा झाला. “खरंच, काहीच करू नका. जुने बोर्ड काढा. पावसाळ्याच्या आत मी करून देते. फक्त तिथे नारळ फोडू नका.”

रिक्षातून उतरून काकी सरळ घरी आल्या, चहा टाकला, मलाही बसवलं आणि कपबशी काकांसमोर ठेवून सगळं जसंच्या तसं सांगितलं. चढा सूर नाही, टोमणा नाही.

काकांचा चहा गार झाला. मग ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं हे गटार माझ्यामुळे अडलं?”

मला उठून जावंसं वाटलं.

“मी तसं म्हटलं नाही,” काकी म्हणाल्या. “नारळ आणू नका, एवढंच म्हटलं.”

काका उठले, बाहेर गेले आणि एकेक बोर्ड स्वतः उतरवायला लागले. सगळे उतरवून भिंतीशी रचून ठेवले. त्यांचं तोंड मला दिसलं, आणि त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल हसू आलं नाही.

आता नेमकं याच वेळी निवडणुका येणार असं वातावरण तयार झालं. आमदारसाहेबांचा पुतण्या आमच्या भागातून ‘भावी’ होता. गल्लीत एक मोठा बॅनर लागला: ‘बहुप्रतीक्षित मध्य गटाराचा भव्य भूमिपूजन सोहळा.’ वर साहेब, शेजारी पुतण्या, आणि खालच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, पांढऱ्या शर्टातले मेस्त्रीकाका. फोटोखाली लिहिलं होतं, ‘गल्लीचे शिल्पकार. शाल व श्रीफळ देऊन जाहीर सत्कार.’

इतक्या वर्षांत काकांचा फोटो कुठल्याही बॅनरवर आला नव्हता. बॅनर ते आणत, दोऱ्या ते बांधत, फोटो इतरांचे असत. सोहळ्याआधीच्या दोन दिवसांत मी त्यांना त्या बॅनरखालून कितीतरी वेळा जाताना बघितलं. प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं काम असायचं, एकदा दूध, एकदा पेपर, एकदा नुसतीच पिशवी.

मी काकींना विचारलं, “काका काय म्हणतात?”

“काही नाही म्हणत,” काकी म्हणाल्या. त्या कपाटातून साड्या काढून पलंगावर घड्या घालत होत्या. खाली बॅग उघडी होती.

“आणि तुम्ही?”

“मी एकदा सांगितलंय,” त्या म्हणाल्या आणि घडी नीट करत राहिल्या.

सोहळ्याच्या सकाळी छोटा मांडव पडला, बेंजो आला, खुर्च्या लागल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. हातात ना नारळ, ना कुदळ. ते आले ते सरळ मधल्या तुकड्याच्या मातीवर जाऊन उभे राहिले. गाड्या आल्या. साहेब उतरले, पुतण्या उतरला, फटाक्यांची माळ लागली. साहेब हसत पुढे आले.

“काय मेस्त्री! नारळ कुठे तुमचा?”

“साहेब, हय नारळ फोडूचो नाय,” काका म्हणाले.

बेंजोवाल्याला ते ऐकू गेलं नाही, तो वाजवत राहिला. कुणीतरी त्याला हाताने थांबवलं.

“का? मुहूर्त चुकला काय?”

“मुहूर्त झकास आहे. जागा नको.”

“अहो, तुमच्याच दारातलं काम आहे!”

“म्हणूनच सांगतो,” काका म्हणाले. ते हात जोडून उभे होते. “साहेब, तुम्ही आलात, उपकार आहेत. पण इथे नारळ फुटला की काम परत अडणार. आणि पाणी घरात आलं तर माझी बायको घर सोडून जाणार. मी तिला इतकी वर्षं चिखलात ठेवली, साहेब. माका गटार होया. सत्कार नको.”

सगळी गल्ली खिडक्यांत होती. सुलभाकाकी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पदर तोंडाला लावलेला होता.

साहेब मुरलेले गडी. ते अडून बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी क्षणभर काकांकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, दोन-चार पावलं उताराकडे सरकले आणि खालच्या तुकड्यावर उभे राहिले. तो तुकडा त्यांनीच पूर्वी केला होता, त्यावर झाकणं होती, तो पाणी न्यायला केव्हाचा तयार होता. “इथूनच शुभारंभ करू,” ते म्हणाले, आणि पूर्ण झालेल्या गटाराचं भूमिपूजन यथासांग पार पडलं. नारळ पीएने बाहेरून आणलेला होता, काकांनी तयार केलेला नव्हता, त्यामुळे साहेबांचा घाम निघाला. शाल आणलेलीच होती, ती कुणाच्या तरी अंगावर घालायलाच हवी होती, म्हणून पाटणकरांना घातली. पाटणकर अजून ती लग्नाकार्याला पांघरतात आणि विचारलं तर म्हणतात, गटाराच्या कामाची आहे. बोर्डही खालच्या तुकड्यावरच लागला. मधली जागा मोकळी राहिली.

वानखेडे मॅडम मे महिन्यात आल्या. बरोबर चार मजूर, एक ब्रेकर आणि पाइप घेऊन आलेला टेम्पो, जो बरोबर त्या मोकळ्या जागेत आडवा उभा राहिला. विटांची भिंत फुटली. पाइप बसला. बाकांपैकी एक हलवावा लागला. काका दिवसभर मजुरांना चहा नेत होते, आणि चहा नसला की नुसतेच हात मागे बांधून उभे राहत होते. एवढं मोठं काम भाषणाशिवाय कसं होतं ते त्यांना बघायचं असावं. झाकण बसलं तेव्हा त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, “उद्घाटनाचं काय करायचं?”

“काका,” मॅडम हेल्मेट काढत म्हणाल्या, “मला पुढच्या गल्लीत जायचंय.”

आता त्या इमारती पुनर्विकासात गेल्या. काका-काकी भाड्याच्या घरात ठाण्याला राहायला गेले, गल्ली पत्र्यांनी बंद झाली, आणि आमची भेट सणासुदीच्या फोनपुरती उरली. पण मेस्त्रीकाका म्हटलं की मला ते ठाण्याचे आठवत नाहीत. आठवते ती गटार झालं त्याच वर्षीच्या जुलैमधली एक दुपार.

सकाळपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. ऑफिसने आम्हाला लवकर सोडलं आणि मी अंधेरीहून कशीबशी घरी पोचले. गल्लीच्या तोंडाशी मी सवयीने चपला हातात घेतल्या. वरून पाणी येत होतं, पण ते पायाखालून जात होतं. झाकणांखाली त्याचा आवाज येत होता. रस्ता ओला होता, पण मोकळा होता. मी घरी न जाता सरळ काकांकडे गेले. मला वाटलं, आज हा माणूस दारात उभा असणार, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत, गटाराचा इतिहास सांगत. मी मनातल्या मनात त्याला चिडवायची वाक्यंही जुळवली होती.

दार उघडं होतं. काका दारात नव्हते. ते आत, उंबरठ्याजवळ, जमिनीवर चटई टाकून झोपले होते. शर्ट अंगात, हात उशाला, तोंड किंचित उघडं. बाहेर पाऊस एवढा की रस्त्यावर मारलेली हाक ऐकू आली नसती, आणि ते घोरत होते.

सुलभाकाकी त्यांच्या शेजारी, जमिनीवरच बसून तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“झोपू दे गं,” त्या म्हणाल्या. “लग्न करून या घरात आले तेव्हापासून पाऊस पडताना ह्या माणसाला मी झोपलेला बघितला नव्हता.”

मी छत्री न मिटताच मागे वळले.